चातकाला आधी सातभाई लागतात

मार्च उजाडला की धाराशिव जिल्ह्यात एक चांगली गोष्ट न चुकता घडते. शाळेतली मुलं नारळाच्या करवंट्या आणि मातीची भांडी झाडांना टांगतात, तरुण मंडळं चौकाचौकात पाणवठे उभे करतात, २० मार्चच्या चिमणी दिनाला वाडग्यांचं वाटप होतं. पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या आणि एप्रिलपासून टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात पसाभर पाणीही पाखराचा जीव वाचवतं, त्यामुळे या उपक्रमाचं मोल कमी लेखण्याचं कारण नाही. अडचण पुढे आहे. जूनमध्ये पाऊस पडला की वाडगं उपडं होतं आणि त्याबरोबर पक्ष्यांचा विषयही मिटतो. तो पुन्हा निघतो तो पुढच्या मार्चमध्ये.

मधल्या काळात घराभोवतीच्या पाखरांची वस्ती जवळजवळ पूर्ण बदलून जाते. श्रावणातल्या परसदारात जे पक्षी असतात त्यांतले अनेक दिवाळीत नसतात. दिवाळीत जे येतात ते होळीनंतर निघून जातात, आणि वळवाच्या पावसात एखादी रात्र काढून गेलेला पाहुणा तर घरच्यांना दिसतही नाही. यातल्या प्रत्येकाची गरज वेगळी: कुणाला सुरवंट हवेत, कुणाला काटेरी झुडूप, कुणाला फुलातला मध, कुणाला नुसती उघडी ओलसर माती. पाण्याचं वाडगं यातली एकच गरज भागवतं, तीही वर्षातले तीन महिने. पक्ष्यांवर खरोखर जीव असेल तर घराभोवतीची जागा बाराही महिने त्यांच्या ऋतूंना धरून राखायला हवी.

जिल्ह्याची ठेवणही अशा पाहुण्यांना सोयीची आहे. बालाघाटाची रांग इथून जाते आणि पाण्याची वाटणी करते. तेरणेचं पाणी मांजरेतून गोदावरीला मिळतं, तर नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालणारी बोरी भीमेकडे जाते. परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव, लोहाऱ्याकडे माकणीचं निम्न तेरणा असे मोठे जलाशय आहेत, येडशीजवळ रामलिंग घाटाचं अभयारण्य आहे आणि मधे गवताळ, खडकाळ माळ. घाटातली झाडी, माळावरचं गवत आणि गावाभोवतीची शेतं यांच्यामध्ये परसदार येतं. माळ नांगरला गेला, ओढ्याकाठची बाभळ तुटली की पाखरं शेवटी याच तुकड्याकडे वळतात.

मृगाच्या आगेमागे लिंबाच्या शेंड्यावर किंवा विजेच्या तारेवर बसून एक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला पक्षी तार स्वरात ओरडू लागतो. तो चातक. आपल्याकडे येणारे चातक आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतात, नैऋत्येच्या वाऱ्यांच्या आगेमागे. त्यांचा मार्ग नेमका समजावा म्हणून २०२० मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दोन चातकांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी छोटी यंत्रं बसवली. त्या पक्ष्यांची नावं ठेवली होती मेघ आणि चातक. चोच वर करून तो फक्त पावसाचे थेंब पितो, ही कल्पना काव्यात शोभते. प्रत्यक्षात त्याला पहिल्या पावसानंतर पानोपानी होणारे केसाळ सुरवंट हवे असतात. बाकीचे बहुतेक पक्षी हे सुरवंट टाळतात, चातक ते आवडीने खातो.

पण चातकाला आणखी एक गोष्ट लागते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तो स्वतः घरटं बांधत नाही. आपली निळी अंडी तो सातभाईंच्या निळ्या अंड्यांत मिसळून देतो आणि पिल्लू वाढवण्याचं सगळं काम सातभाईंवर सोपवतो. ‘पेरते व्हा’ म्हणत पेरणीचा निरोप देणारा पावशाही बहुतेक वेळा सातभाईंच्याच जिवावर पुढची पिढी वाढवतो. म्हणजे पावसाळ्याची वर्दी देणारे हे दोन मानाचे पक्षी ज्याच्यावर अवलंबून आहेत, तो पक्षी मळकट करडा, थव्याने फिरणारा, दिवसभर कलकलाट करणारा आणि म्हणूनच कुणाच्याही कौतुकाला न आलेला आहे.

सातभाईंचं पोट पालापाचोळ्यावर चालतं. सगळं कुटुंब मिळून वाळकी पानं उलथत जातं आणि खालचे किडे वेचतं. घरटं साधारण माणसाच्या डोक्याच्या उंचीवर किंवा थोडं वर, बोरीत, बाभळीत, नाहीतर दाट काटेरी झुडपात. आता आजचं नवं घर पाहावं. काट्याच्या कुंपणाच्या जागी विटांची भिंत, अंगणभर पेव्हर ब्लॉक, उरलेल्या तुकड्यात लॉन, आणि पानगळ झाली की कोपऱ्यात पाचोळ्याला काडी. घरमालकाची यात काही दुष्ट इच्छा नसते. स्वच्छता म्हणजे मोकळी फरशी, असं त्याला सगळीकडून सांगितलं गेलेलं असतं. पण अशा अंगणात सातभाई टिकत नाहीत, आणि सातभाई नसतील तिथे चातक आणि पावशा आवाज देऊन पुढे जातात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या गावात प्यायला पाणी नाही तिथे बागेचं काय घेऊन बसलात? २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या वर्षी धाराशिवकरांनीही तेवढेच हाल सोसले, आणि कुंडीत पाणी घालणंही अपराध वाटावा असे ते दिवस होते. पण पक्ष्यांना हवी असलेली बाग पाणी पिणारी नसते. ते काम लॉन करतं. बोर, हिवर, बाभूळ, सीताफळ, करवंद ही या मातीतली झाडं पहिली दोन-तीन वर्षं जपली की पुढे आपल्या जिवावर उभी राहतात. बालाघाटाच्या उतारावर सीताफळाला कोण पाणी घालतं? आणि मोरीच्या पाण्यावर केळ, पपई, अळू वाढवण्याची रीत तर इथल्या बायकांनी कितीतरी पिढ्यांपासून चालवली आहे. मोरीमागची ती सतत ओली जागा ही परसदारातली सर्वांत गजबजलेली जागा असते. बुलबुल, दयाळ, शिंपी, चष्मेवाला या सगळ्यांची हजेरी तिथे लागते.

पावसाळा हा घरट्यांचाही हंगाम. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात ते याच दिवसांत, कारण विणायला लागणारी हिरवी गवताची पाती तेव्हाच मिळतात. शिंपी पक्षी दोन पानं शिवून त्यात घरटं करतो, राखी वटवट्या झुडपात शेपटी उडवत फिरतो. धान्य खाणारे पक्षीही पिल्लांना सुरुवातीला किडेच भरवतात, कारण वाढत्या अंगाला प्रथिनं लागतात. म्हणून आषाढ-श्रावणात जास्वंदीवर चार पानं कुरतडलेली दिसली तर लगेच फवारणीचा पंप काढू नये. ती पानं कुरतडणारी अळी कुठल्या ना कुठल्या चोचीत जाणार असते.

महालक्ष्म्यांचा सण उरकतो तोवर भोरड्या आलेल्या असतात. पळसमैना किंवा गुलाबी मैना म्हणतात ती हीच: अंग फिकट गुलाबी, डोकं-पंख-शेपटी काळी. मध्य आशियातल्या कोरड्या गवताळ मुलखात, कझाकस्तानच्या आसपास, त्या मे-जूनमध्ये घाईघाईने वीण उरकतात आणि जुलै सरत आला की भारताकडे निघतात. वर्षातला मोठा काळ त्या आपल्याकडेच काढतात, त्यामुळे त्यांना परदेशी म्हणणं तसं अवघड आहे. रब्बीच्या ज्वारीचा हुरडा भरू लागला की त्यांचे थवे शेतावर उतरतात. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा माणूस हे मराठवाड्यातल्या आणि सोलापूरच्या पौष महिन्याचं कायमचं चित्र होतं, आणि त्या माणसाचा भोरडीवरचा राग खोटा नव्हता. हातातोंडाशी आलेलं कणीस रिकामं होताना पाहणं सोपं नसतं.

तरीही भोरडीला वर्षभराच्या कामावरून जोखलं पाहिजे. वीण असते तिथे ती टोळ आणि नाकतोड्यांवर जगते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळ आटोक्यात राहावेत म्हणून या पक्ष्यांना घरट्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून देण्यात आले. आपल्याकडेही ती दाण्याबरोबर किडे टिपते, आणि माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर फुलली की मधासाठी त्यांवर तुटून पडते. तेव्हा तिच्या कपाळाला परागांचा लेप लागतो आणि एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाला पोचतात. आता ज्वारीचं क्षेत्र घटत चाललं आहे, खरिपात सोयाबीन पसरलं आहे, बांधावरचे पळस तोडले गेले आहेत. एप्रिलमधल्या परतीच्या प्रवासाआधी तिला अंगावर चरबी साठवायची असते. त्या वेळी तिला जे हवं ते शेतात मिळालं नाही तर गावातल्या एखाद्या पांगाऱ्यालाही मोठी किंमत येते. घरामागे जागा असेल आणि एकच मोठं झाड लावायचं असेल तर पांगाऱ्याचा किंवा उंबराचा विचार करावा. पांगारा फेब्रुवारीत पानं टाकून नुसता फुलतो तेव्हा मैना, कोतवाल, बुलबुल, शिंजीर, पोपट असे नाना जातींचे पक्षी एकाच झाडावर दिसतात. उंबर तर वर्षातून अनेकदा फळतो, आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल त्याच्याच शोधात फिरत असतो.

तुळजापूरचं नवरात्र संपून कोजागरीला पायी येणाऱ्या भाविकांची वाट मोकळी होते, त्या सुमारास अंगणातले हिवाळी पाहुणे स्थिरावलेले असतात. शेपटी खालीवर हलवत फिरणारा धोबी, गावाकडे ज्याला परीटही म्हणतात, तो ओलसर जमिनीवर किडे टिपतो. सालिम अली यांनी मुंबईतल्या एका करड्या धोब्याची हकिगत लिहून ठेवली आहे. पायात कडं असलेला तो पक्षी सलग काही वर्षं हिमालयाकडून नेमक्या त्याच हिरवळीवर परत येत राहिला. हजारो गावं ओलांडून आलेल्या पाखराला आपलं एक विशिष्ट अंगण आठवतं, ही गोष्ट मनाशी नीट धरून ठेवावी अशी आहे. कारण तो परत येईल तेव्हा तिथे फरशी घातलेली असू शकते.

याच दिवसांत भिंतीवर किंवा बांधकामाच्या विटांच्या ढिगावर एक थिरथिरा येऊन बसतो. नर काळा, पोट विटकरी, आणि शेपटी अशी थरथरते की नाव विचारावं लागू नये. तो हिमालय आणि तिबेटकडच्या उंच उघड्या मुलखातून आलेला असतो. बोगनवेलीच्या जाळीतून ‘चक्… चक्…’ असा जीभ टाळ्याला लावल्यासारखा आवाज दिवसभर येत असतो आणि पक्षी मात्र दिसत नाही. तो ब्लिथचा बोरू वटवट्या. वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम, वीण फिनलंडपासून सायबेरियापर्यंतच्या प्रदेशात, आणि हिवाळा आपल्या झुडपात. त्याला वाडगं नको, दाणा नको. न छाटलेलं एक झुडूप आणि त्यातले किडे एवढीच त्याची मागणी आहे. दिवाळीच्या साफसफाईत नेमकं तेच झुडूप आधी छाटलं जातं. छाटायचंच असेल तर ते भर उन्हाळ्याआधी, मार्चअखेर छाटावं. तोवर हिवाळी पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात, पावसाळी घरटी अजून लांब असतात, आणि छाटण्याआधी आत एखादं घरटं नाही ना हे डोकावून पाहता येतं.

तारेवर बसणारा नीलपंख, ज्याला चास म्हणतात, तोही हिवाळ्यात जास्त दिसतो. शेजारच्या कर्नाटक आणि तेलंगणाने त्याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालानुसार गेल्या काही दशकांत त्याची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर हा अहवाल उभा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल त्यात ठरवता आला, त्यांतल्या २०४ जाती घटताना दिसल्या. मोर आणि कोकीळ मात्र वाढले. म्हणजे ‘पक्षी कमी झाले’ हे सरसकट विधान पुरेसं नाही. कुठला पक्षी, कुठल्या ऋतूत, कशामुळे, हे विचारावं लागतं.

चिमणीबद्दलही असंच. या जिल्ह्यात तिची कहाणी घरांच्या कहाणीशी बांधलेली आहे. लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेलं माळवद, जाड भिंती, कोनाडे, देवळ्या आणि तुळयांमधल्या फटी हे चिमणीचं हक्काचं घर होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपात उमरगा-लोहारा भागातली हीच माळवदं माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. त्यानंतर गावंच्या गावं नव्या जागी, नव्या पद्धतीच्या घरांत वसवली गेली आणि ते बरोबरच होतं. माळवद परत आणा असं कुणीही म्हणणार नाही. पण गुळगुळीत सिमेंटच्या भिंतीत चिमणीला फट सापडत नाही, म्हणून तिथे पाण्यापेक्षा लाकडी पेटी अधिक कामाची. ओंजळीएवढी, उन्हापासून आडोशाला, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर.

दाणे टाकण्याबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. रोज गच्चीवर पसाभर ज्वारी टाकली की पहिल्या आठवड्यात चिमण्या-होले येतात आणि थोड्याच दिवसांत पारव्यांचा ताबा बसतो. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये मुंबईत जो वाद पेटला त्याची छोटी आवृत्ती प्रत्येक तालुक्याच्या गावात घडते आहे. आयत्या दाण्यावर वाढणाऱ्या जातीला मदतीची गरज नसते. ज्यांना ती आहे ते थिरथिरा, वटवट्या, चातक, शिंजीर दाणा खातच नाहीत.

उन्हाळ्यात वाडगं ठेवावं, पण तेही नीट. पसरट आणि उथळ असावं, म्हणजे लहान पक्ष्याला कडेवर उभं राहता येतं. सावलीत असावं, जवळ झुडूप असावं, आणि रोज घासून पाणी बदलावं, नाहीतर तेच भांडं रोग पसरवतं. या दिवसांत शिंजिराचा नर जांभळ्या-काळ्या चकाकीत असतो. वीण संपली की तो ते कपडे उतरवतो आणि मादीसारखा फिका होतो, फक्त गळ्यापासून एक गडद पट्टा राहतो. अनेक घरांत त्याला दुसराच पक्षी समजतात. मे अखेरीस वादळी पाऊस झाला की सकाळी एखाद्या परसदारात नवरंग थकून बसलेला सापडतो. दक्षिणेतून विणीसाठी निघालेला, रात्री उडणारा हा पक्षी दिवसा पाचोळ्यात शिरून पोट भरतो. त्याला उचलून खोक्यात घालण्याची घाई करू नये. जखम नसेल तर कुत्र्या-मांजरापासून जपून त्याला तिथेच राहू द्यावं. त्याच्या कामाचाही तोच पाचोळा, जो सातभाईंना लागतो आणि जो आपण जाळतो.

हे सगळं नोंदवलं जाणं तितकंच निकडीचं आहे. हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना, १९३१-३२ मध्ये सालिम अली यांनी त्या संस्थानाची पक्षी पाहणी केली होती. पुढे शेजारच्या सोलापूरच्या मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षीकोश’ रचून मराठीला पाखरांची नावं एकत्र करून दिली. १८ जून २०२५ रोजी ते गेले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवला आहे. पण देशभरातल्या नोंदी पाहिल्या तर पुणे, मुंबई, बंगळुरू यांच्या तुलनेत मराठवाड्यातून फारच कमी माहिती पोचते. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात पुराने शेतं खरवडून नेली. अशा वर्षी धोबी उशिरा आला का, भोरड्या कमी आल्या का, सुगरणीने घरटी अर्धवट सोडली का, या प्रश्नांना उत्तर द्यायला आधीच्या दहा वर्षांच्या तारखा कुणाच्या तरी वहीत हव्या होत्या.

त्या वहीसाठी जिल्हा परिषदेच्या शाळा ही उत्तम जागा आहे. पोषण आहारासाठी अनेक शाळांत परसबाग आहेच. तिच्या कडेला बोर-करवंदाचं कुंपण, एका कोपऱ्यात न जाळलेला पाचोळा आणि वर्गात एक नोंदवही: पहिला चातक ऐकल्याची तारीख, पहिली भोरडी, पहिला धोबी, पांगाऱ्याला पहिलं फूल. फेब्रुवारीत जगभर चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ चालतं, त्यात पंधरा मिनिटं अंगणात उभं राहून दिसले ते पक्षी मोजायचे आणि कळवायचे असतात. ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत ते कुणालाही जमण्यासारखं आहे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांनी जुलैच्या वृक्षलागवडीसाठी शोभेच्या झाडांऐवजी पांगारा, उंबर, बोर, हिवर यांची रोपं मागच्या उन्हाळ्यापासूनच तयार ठेवली पाहिजेत. बियाणं त्याआधी गोळा करावं लागतं, आणि पांगाऱ्याच्या शेंगा एप्रिल-मेमध्ये वाळतात.